तरुण आईची केमोथेरपी आणि घराची व्यवस्था : नाशिककरांचे अनुभव हवे आहेत

इंदिरानगरची_नणंद

नमस्कार. माझ्या ३३ वर्षांच्या भावजयीला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आहे. आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया आणि त्यानंतर रेडिएशन असा क्रम डॉक्टरांनी ठरवला असून पहिली केमो पुढच्या आठवड्याच्या अखेरीस आहे. तिची मुलगी पहिलीत आहे, तर मुलगा १४ महिन्यांचा असून अजून अंगावर पितो. भाऊ सातपूरच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो आणि भावजय स्वतः अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. माझी आई त्यांच्यापाशीच राहते, पण गुडघ्यांमुळे तिला मूल कडेवर घेऊन जिना चढता येत नाही. भावजयीचे माहेर निफाड तालुक्यात आहे आणि तेथे सध्या द्राक्षबागेची गोडी छाटणी चालू असल्याने तिच्या आईला इतक्यात येथे मुक्कामाला येणे जमणार नाही.

उपचारांविषयी मी येथे विचारत नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत. माझा प्रश्न घराचा आहे. माणसांची आम्हाला कमतरता नाही; पण गेल्या आठवड्यात एकाच संध्याकाळी तीन घरांतून मुगाची खिचडी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला रिक्षापर्यंत सोडायला मात्र कुणी नव्हते. सगळेजण ‘काही लागले तर सांगा’ म्हणतात, पण सांगायचे कुणाला आणि काय, हे ठरवण्याचे काम पुन्हा भावजयीवरच येऊन पडते. दुसरीकडे आम्ही सगळे तिच्या हातातून प्रत्येक गोष्ट काढून घेऊ लागलो, तेव्हा ती परवा स्पष्टच म्हणाली, ‘माझ्याच घरात मला पाहुणी करून ठेवू नका.’ हा तोल आपण कसा सांभाळलात, हे ज्यांच्या घरात लहान मुले असताना आईचे उपचार झाले त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पंचवटीकर_आई

ताई, तुमच्या भावजयीच्या त्या एका वाक्यावर मी डोळे मिटून सही करीन. माझे उपचार काही वर्षांपूर्वी येथेच झाले, तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता आणि आमच्या घरातही हाच प्रश्न होता.

आमच्याकडे थोरल्या जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवली आणि तिच्यामुळे घर चालले. जो कुणी ‘काही मदत लागेल का’ असे विचारील, त्याला त्या लगेच वार आणि काम सांगत. शेजारच्या काकूंकडे मंगळवार आणि गुरुवारची संध्याकाळची पोळी-भाजी, दिरांकडे रक्त तपासणीचे नमुने देणे आणि अहवाल आणणे, समोरच्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणीकडे मुलाला शाळेतून आणणे, अशी कामे एकेका माणसाच्या नावावर लागली. ज्यांना काम नको होते ते आपोआप बाजूला झाले आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोल लावला नाही. जाऊबाई हा सगळा हिशेब सांभाळत, त्यामुळे माझा फोन मी चक्क दुसऱ्या खोलीत ठेवू शकत असे. तुमच्या घरी ही भूमिका तुम्हीच घ्यावी असे मला वाटते, कारण भाऊ शिफ्टमध्ये आहेत आणि सासूबाईंना नाही म्हणणे अनेकदा जड जाते.

आता दुसरी बाजू. कामे वाटताना काय वाटायचे नाही, हे आधी भावजयीला विचारून ठरवा. माझ्याबाबतीत शाळेच्या डायरीवरची सही होती. एकदा मी झोपलेली पाहून नणंदेने तिच्या परीने चांगल्याच हेतूने सही करून टाकली. संध्याकाळी मुलाने डायरी उघडली, त्या सहीवर बोट ठेवले आणि ‘ही तुझी नाही’ असे म्हणून माझ्याकडे पाहत उभा राहिला. तेव्हापासून डायरी, रात्रीची गोष्ट आणि उद्याच्या डब्यात काय द्यायचे हे ठरवणे या तीन गोष्टी माझ्याकडेच राहिल्या. डबा करायचे दुसरे कुणीतरी, पण ठरवायची मी. ज्या दिवशी उठवत नसे त्या दिवशी मुलगा डायरी घेऊन पलंगाशी यायचा. तब्येतीमुळे कामाचा वाटा कमी झाला तरी चालतो, पण घरातला निर्णय आपल्याला न विचारता होऊ लागला की फार लागते.

तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने केमो असेल, तर घराचे वेळापत्रकही त्या चक्रावर बसवा. माझे पहिले चार-पाच दिवस मळमळ आणि थकव्यात जात, दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असल्याने गर्दी टाळावी लागे, आणि तिसरा आठवडा बहुतेक वेळा बरा जाई. पालकसभा, वाढदिवस, मुलाला गंगापूर धरणाकडे फिरायला नेणे, हे सगळे आम्ही तिसऱ्या आठवड्यात ठेवत असू. फोडणीचा वास मला सुरुवातीचे दिवस अजिबात सहन होत नसे, म्हणून तेवढ्या दिवसांचा स्वयंपाक जाऊबाईंच्या घरी होई. लाल रंगाचे औषध असेल तर त्यानंतर एखादा दिवस लघवीला लालसर रंग येतो. ते रक्त नसते, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर मध्यरात्री घाबरगुंडी उडते.

डे_केअर_सिस्टर

मी केमोथेरपीच्या डे-केअरमध्ये परिचारिका आहे. घरात लहान मूल असलेल्या रुग्णांना मी जे नेहमी सांगते तेच येथे लिहिते, मात्र आपल्या ऑन्कोलॉजिस्टचा, म्हणजे कर्करोगतज्ज्ञाचा, शब्द अंतिम मानावा.

पहिली गोष्ट बाळाच्या दुधाची, कारण तुमच्याकडे वेळ थोडा आहे. केमोची औषधे दुधात उतरतात, त्यामुळे पहिल्या केमोच्या आधी अंगावर पाजणे पूर्ण बंद व्हायला हवे. एकदम तोडण्यापेक्षा रोज किंवा दिवसाआड एकेक वेळ कमी करावी आणि रात्रीची वेळ शेवटी सोडावी. त्या काही रात्री बाळाने वडिलांजवळ किंवा आत्याजवळ झोपलेले बरे, पण दिवसा आईने त्याला भरपूर जवळ घ्यावे, म्हणजे दूध गेले तरी आई गेली असे त्याला वाटत नाही. १४ महिन्यांचे मूल वाटीने किंवा कपाने वरचे दूध पिऊ शकते. छाती घट्ट बांधून ठेवण्याचा जुना उपाय करू नये. दूध कमी करणाऱ्या गोळ्या असतात, त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

दुसरी गोष्ट तापाची. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात आणि त्या काळात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते. आधी क्रोसिन देऊन ‘उतरतो का पाहू’ असे करू नये, कारण ताप दबतो आणि संसर्ग तसाच वाढत राहतो. थर्मामीटर, रुग्णालयाचा रात्रीचा क्रमांक आणि रात्री गाडी कोण काढणार त्याचे नाव फ्रिजवर लावून ठेवा. भावाची रात्रपाळी असेल त्या आठवड्यासाठी हे नाव वेगळे असले पाहिजे, आणि नेमके तेच बहुतेक घरांत ठरलेले नसते.

मुलगी शाळेत जाते, म्हणून वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या आणि वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आल्यास त्याच दिवशी कळवायला सांगा. आईचा अशा मुलाशी संपर्क आल्याचा संशय असेल तर पुरळ उठण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. पल्स पोलिओचा रविवार आला की धाकट्याला डोस देण्याआधीही विचारून घ्यावे, कारण त्या थेंबांत जिवंत पण क्षीण केलेला विषाणू असतो आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाच्या घरात डॉक्टर बहुधा इंजेक्शनची लस पसंत करतात.

केमोनंतर सुमारे ४८ तास लघवी, शौच आणि उलटीत औषधाचा अंश असतो. तेवढे दिवस संडासात दोनदा पाणी सोडावे आणि घाण झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत. याचा अर्थ मुलांना दूर ठेवणे असा मात्र नाही. मिठीने, पाप्याने किंवा एका ताटात जेवल्याने कर्करोग होत नाही. आईचे ताट-वाटी वेगळे काढणारी घरे मी आजही पाहते, आणि त्या ताटाकडे बघणाऱ्या मुलांचे चेहरेही पाहते. छातीत केमो-पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) बसवले असेल तर बाळाचे डोके तेथे आपटणार नाही, अशा बाजूला त्याला घ्यावे, एवढीच काळजी पुरे. फळेही बंद करायची नसतात. माहेरची द्राक्षे आली तर ती वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन द्यावीत.

गंगापूर_रोडचे_आजोबा

माझ्या परिचयातील एका गृहस्थांना एका वैद्यांच्या काढ्याने गुण आला होता. केमोबरोबर तो चालू ठेवला तर ताकद टिकते असे ऐकून आहे. पत्ता हवा असल्यास कळवावे.

डे_केअर_सिस्टर

आजोबा, आपला हेतू चांगला आहे यात शंका नाही. तथापि केमोची बरीचशी औषधे यकृतातून बाहेर पडतात आणि त्यासाठीच यकृताच्या तपासण्या वेळोवेळी केल्या जातात. काढ्यात नेमके काय आहे हे माहीत नसताना त्या तपासणीतील आकडे वाढले, की केमो पुढे ढकलावी लागते आणि कशामुळे वाढले हेही कळत नाही. ज्याला काही द्यावेसे वाटते त्याने ते आधी ऑन्कोलॉजिस्टला दाखवावे. नातेवाइकांना नाही म्हणायचे असेल तर ‘डॉक्टरांनी मनाई केली आहे’ हे वाक्य वापरावे. आम्ही त्यासाठी आनंदाने वाईटपणा घेतो.

ओझरकर

माझ्या पत्नीचे उपचार गेल्या वर्षी पूर्ण झाले. पैशांबद्दल आणि नवऱ्यांबद्दल लिहितो.

आपली भावजय कंपनीत आहे असे आपण लिहिले आहे. तिचा पगार ईएसआयसीच्या (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) मर्यादेत, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत, असेल आणि त्यासाठी पगारातून कपात होत असेल, तर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात आधी चौकशी करा. तेथे नसलेल्या उपचारांसाठी त्यांच्याकडून दुसऱ्या रुग्णालयाचे संदर्भपत्र मिळते. याहून महत्त्वाची बाब अशी, की कर्करोग हा दीर्घ आजारांच्या यादीत असल्याने स्वतः विमाधारक असलेल्या आणि किमान दोन वर्षे सलग नोकरी झालेल्या कामगाराला इतर अटी पूर्ण होत असल्यास ‘एक्स्टेंडेड सिकनेस बेनिफिट’ म्हणून पगाराच्या ८० टक्के रक्कम जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. बिनपगारी रजा टाकण्याआधी किंवा राजीनामा देण्याआधी हे तपासा. आमच्या ओळखीत एका ताईंनी घाईने राजीनामा दिला आणि हा हक्क गेला.

ईएसआयसी नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती आता शिधापत्रिकेच्या रंगावर अवलंबून नाही आणि २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण त्यात मिळते. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणजे योजनेचा मदतनीस बसलेला असतो, त्याला उपचार सुरू होण्यापूर्वी भेटा, कारण मंजुरी आधी लागते. शिधापत्रिकेवर भावजयीचे नाव माहेरचे की सासरचे, आधारशी जुळते की नाही, ही बाब आजच पाहा. लग्नानंतर नाव न बदललेल्या शिधापत्रिकेमुळे कितीतरी जणांची पहिली फेरी वाया जाते. १५५३८८ या क्रमांकावर योजनेतील रुग्णालये विचारता येतात. शालिमारजवळच्या संदर्भ सेवा रुग्णालयातही कर्करोग विभाग आहे.

दुसरे मत घेण्यासाठी परळला टाटा स्मारक रुग्णालयात जाणार असाल, तर पंचवटी एक्सप्रेस दादरला उतरवते. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेची सवलत मिळते आणि सेकंड क्लास किंवा एसी चेअर कारला ती रुग्णाबरोबरच सोबतच्या एका व्यक्तीलाही ७५ टक्के असते. त्यासाठी रुग्णालयाकडून विहित नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे लागते. मुक्कामाची वेळ आली तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांसाठी आहे.

आता भावाविषयी. गाडी, बिले, विमा, मुले, नातेवाइकांचे फोन आणि रात्रीचे जागरण हे सारे एकट्या नवऱ्याने ओढू नये. त्याला कारखान्यातून शक्यतो पहिली पाळी कायम मागून घ्यावी. उपचार सुरू असल्याच्या कागदावर सुपरवायझर सहसा ऐकतात. पण त्याच्या वाट्याचे एक काम कुणाला देता येत नाही. मुले झोपल्यावर मी पत्नीजवळ बसत असे आणि त्या वेळी अहवाल, पैसे आणि गोळ्या यांवर बोलायचे नाही, असे आमचे ठरले होते. कधी कधी आम्ही नुसती क्रिकेटची मॅच पाहत असू. तिला क्रिकेट आवडत नाही.

शाळेतल्या_बाई

मी प्राथमिक शिक्षिका आहे आणि माझ्या वर्गात अशी मुले येऊन गेली आहेत. पहिलीतल्या मुलीला काय सांगायचे याविषयी अजून कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

तिला सांगा, आणि ‘कॅन्सर’ हा शब्द वापरूनच सांगा. ‘आईला बरे नाही’ एवढेच सांगितले, तर पुढच्या वेळी आजीला सर्दी झाली तरी ते मूल धास्तावते, आणि खरा शब्द तर त्याला कुणाच्या तरी फोनवरच्या बोलण्यातून कळतोच. या वयाच्या मुलांना आपल्या रागामुळे किंवा खोडीमुळे आई आजारी पडली असे मनातून वाटत असते, ते विचारत मात्र नाहीत. म्हणून हे तुझ्यामुळे झालेले नाही, तुला जवळ बसल्याने होणार नाही आणि आई दवाखान्यात असेल तेव्हा तुला शाळेत कोण सोडणार व रात्री कोण झोपवणार, एवढे नेमके सांगा. ‘आई मरणार का’ असे विचारले तर खोटे वचन देऊ नये. ‘डॉक्टर तिला बरे करण्यासाठी चांगली औषधे देत आहेत आणि काही बदलले तर आम्ही तुला सांगू’ असे म्हणता येते. केस जाणार आहेत हे ते जाण्याआधी सांगावे.

वर्गात ती अचानक हट्टी झाली किंवा झालेले अक्षर पुन्हा उलटे काढू लागली, तर घाबरू नका. तिच्यावर अभ्यासाची सक्ती काही महिने थोडी सैल झाली, तर पहिलीतले काही बुडत नाही. ‘तू आता मोठी झालीस, भावाला सांभाळ’ हे वाक्य मात्र पाहुण्यांना बोलू देऊ नका.

इंदिरानगरची_नणंद

सर्वांचे मनापासून आभार. पहिली केमो होऊन दुसरीची तारीख जवळ आली आहे, म्हणून कळवते.

बाळाचे दूध सुटले. तीन रात्री भावाने आणि मी आलटून पालटून काढल्या. भावजयीला त्याचा फार त्रास झाला, पण दुपारी तो तिच्या पोटावर डोके ठेवून झोपतो, ते तिने सोडलेले नाही. मदतीचा हिशेब आता माझ्याकडे आहे. भावजयीने स्वतःकडे ठेवलेली कामे ऐकून मला आश्चर्य वाटले, कारण तिने स्वयंपाक मागितला नाही. दूधवाल्याचा आणि पेपरवाल्याचा हिशेब, मुलीची उजळणी आणि बाळाची आंघोळ, एवढे तिने मागितले. आंघोळीच्या वेळी आई शेजारी स्टूलवर बसते, पाणी मी आणून देते, मूल भावजयच धुते. भावाला पहिली पाळी मिळाली. शिधापत्रिकेवर तिचे नाव खरोखरच माहेरचे निघाले, ते काम चालू आहे. ईएसआयसीचे संदर्भपत्र मात्र मिळाले, त्यामुळे तूर्त निभावले.

दोन प्रश्न उरले आहेत. तिचे केस गेले आणि ती रुमाल बांधून वावरते. पण माझ्या आईला तिच्याकडे पाहवत नाही. आईच्या पिढीने लहानपणी घरातल्या विधवा आजीचे केशवपन केलेले डोके पाहिलेले आहे आणि सवाष्ण सुनेचे तसे डोके दिसले की ती देवघरात जाऊन रडते, हे भावजयीच्या लक्षात येते. दुसरा प्रश्न पुढचा आहे, शस्त्रक्रियेनंतर इतक्या लहान मुलाला उचलायचे कसे?

पंचवटीकर_आई

केसांचे आमच्याकडेही झाले. माझ्या सासूबाईंना कुणी समजावून उपयोग झाला नाही. त्यांना डे-केअरमध्ये एकदा माझ्याबरोबर नेले, तेव्हा फरक पडला. तेथे रुमाल बांधलेल्या, टोपी घातलेल्या, काहीच न घातलेल्या बायका शेजारी शेजारी सलाइन लावून बसलेल्या असतात, गजऱ्यांच्या भावापासून मुलांच्या मार्कांपर्यंत गप्पा चालू असतात. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच विचारले, ‘टोपी विणू का?’ संक्रांतीला हळदीकुंकू घरी करायचे की नाही हा वाद पुढे येईल, तर आत्ताच सांगते : करू द्या, पण तिसऱ्या आठवड्यात, मोजक्या बायका आणि बसायला गच्ची. आजारी बाईला वाण देऊ नये असे म्हणणारी एखादी निघतेच, तिला बोलावू नका.

उचलण्याबद्दल : शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्या बाजूच्या हाताने वजन उचलायचे नसते आणि तोवर मूल आणखी जड झालेले असेल. आत्तापासूनच त्याला पलंगावर किंवा दिवाणावर स्वतः चढायला शिकवा, म्हणजे आई बसलेली असेल तेथे तो चढून मांडीत येईल. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि ते रोज करा. हात जड किंवा सुजलेला वाटला तर लगेच दाखवा, कारण ती सूज सुरुवातीलाच हाताळलेली बरी. शस्त्रक्रियेआधी दर आठवड्याला द्यायची वेगळ्या औषधाची केमो चालू झाली, तर बोटांना मुंग्या येतात आणि बधिरपणा येतो. मला तेव्हा मुलाच्या गणवेशाची बटणे लागत नसत. असे झाले तर डॉक्टरांना सांगा, बाळाच्या आंघोळीचे पाणी गरम आहे की नाही हे दुसऱ्या कुणीतरी पाहावे आणि चुलीवरचे भांडे तिने उचलू नये.

रेडिएशन मशीनने बाहेरून देतात. ते आठवड्यातले पाच दिवस आणि बहुधा तीन ते पाच आठवडे चालते. घरी आल्यावर अंगात किरण राहत नाहीत, त्यामुळे मुलांना लगेच जवळ घेता येते. त्या काळात रोज नेण्या-आणण्यासाठी माणसे लागतील आणि द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीचा वेळही धरावा लागेल, तेव्हा निफाडच्या मंडळींना आत्ताच सांगून ठेवा. बागेची कामे आटोपली असतील तर विहीणबाईंनी तो महिना घ्यावा.

इंदिरानगरची_नणंद

विहीणबाईंना आजच फोन केला. काढणी मार्चअखेर संपेल, एप्रिलची खरड छाटणी भाऊजी बघतील आणि त्या काळात त्या येथे राहतील असे ठरले. आई पुढच्या केमोला माझ्याबरोबर येत आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचे याची यादी भावजय स्वतः करणार आहे.